गोड आहे, पण साखर नाही



मागील पालक सभेत अभ्यास, फी आणि बस या नेहमीच्या विषयांनंतर एका पालकांनी उठून विचारले, "सर, ते शुगर फ्रीचे पावडर विषारी असते काय?" सभागृहात थोडे हसू झाले. परंतु त्या पालकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत इयत्ता चौथीत आहे. उन्हाळ्यात, अर्ध्या दिवसाची शाळा सुरू असताना, तिला जुलाब लागले. आई-वडील शेतावर होते. घरी आजी होत्या, त्यांना मधुमेह आहे. आजींनी शहाणपणाने मीठ-साखरेचे पाणी केले. मात्र त्या घरात साखरेचा डबा उरलेलाच नाही, त्या जागी गोड पावडरीची बाटली असते. आजींनी तीच पावडर मिठाच्या पाण्यात घातली आणि नातीला घोट घोट पाजत राहिल्या. पाणी गोड लागत होते, मूलही पीत होते. तरी संध्याकाळपर्यंत मुलीचे डोळे आत गेले, ओठ सुकले, ती उठून बसेना. वडील आल्यावर तिला दवाखान्यात नेले, सलाईन लागले आणि देवाच्या दयेने ती बरी झाली. तेव्हापासून त्या घरात एकच प्रश्न आहे, की पावडरीने मुलीला बाधा झाली का?

त्या दिवशी आम्ही पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून वार्तापत्रातून हे लिहीत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, तेव्हा मध्येच एखादा हिंदी शब्द डोकावला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

उत्तर आधी सांगतो. पावडरीने त्या मुलीला काहीही केले नाही. अपाय झाला तो साखर नसल्यामुळे. हे कसे, ते मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण घरी हे समजावून सांगणारे तेच असणार आहेत.

जुलाबात शरीरातून पाणी आणि क्षार वाहून जातात. नुसते पाणी प्यायले तर आतड्यात ते नीट शोषले जात नाही. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात एक प्रकारचे दरवाजे असतात, त्यांतून मिठातील सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. ग्लुकोज असेल तर सोडियम आत येते, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी येते. साखर पोटात गेली की तिचे ग्लुकोज होते, म्हणून मीठ-साखरेचे पाणी काम करते. गोड पावडरीतून मात्र आतड्याला ग्लुकोज मिळत नाही. जीभ फसते, आतडे फसत नाही. दार उघडत नाही आणि पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाते.

हा शोध किती मोलाचा आहे ते आपल्याच देशात सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी पिंपात भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजावयास सांगितले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. घरी करावयाचे प्रमाण असे : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. यात साखर म्हणजे साखरच. घरात मधुमेही माणूस असला तरी एक लहान डबा साखरेचा वेगळा ठेवावा, ही आमची विनंती आहे.

याच्या उलट प्रकारही आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत औषध दुकानात ओआरएस हे शब्द नावात असलेली फळांच्या चवीची पेये मिळत होती. त्यांत साखर इतकी असे की जुलाब थांबण्याऐवजी वाढावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, या पेयांत ते प्रमाण कितीतरी पट. आपल्या हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध जवळजवळ आठ वर्षे लढा दिला. अखेर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. आदिलाबादच्या उन्हाळ्यात हे पालकांनी लक्षात ठेवलेले बरे.

आता मूळ शंकेकडे येतो. हे गोड पदार्थ आहेत तरी काय?

सर्वात जुने सॅकरीन. आपल्याकडील जुनी माणसे त्याला सखरीन म्हणतात. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टँटिन फाहलबर्ग हे रसायनशास्त्रज्ञ हात न धुता जेवावयास बसले आणि भाकरी गोड लागली, तेव्हा ते सापडले. अ‍ॅस्पार्टेम १९६५ मध्ये असेच अपघाताने सापडले, जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट चाटले आणि ते गोड लागले. तिसऱ्याची कथा तर आपल्या अभिमानाची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेवर क्लोरीनची प्रक्रिया करत होते. त्यांना एका पदार्थाची 'टेस्ट' म्हणजे चाचणी करावयास सांगितले गेले. त्यांना ऐकू आले 'टेस्ट' म्हणजे चव घे! त्यांनी चव घेतली, आणि साखरेपेक्षा सुमारे सहाशे पट गोड असे सुक्रॅलोज जगाला मिळाले. (नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे वाचून प्रयोगशाळेत कशाचीही चव घेऊ नये. तिघे वाचले ते नशिबाने.)

सहाशे पट गोड याचा अर्थ असा, की साखरेच्या एका चमच्याचे काम चिमटीत न मावणारा कण करतो. म्हणून यात उष्मांक जवळजवळ नसतात. आणि म्हणूनच ते साखरेपेक्षा स्वस्त पडते. श्रीमंतांच्या डाएट पेयात आणि शाळेसमोरच्या बर्फाच्या गोळ्यात तीच वस्तू का सापडते, याचे उत्तर इथे आहे. डाएट पेयात ती वजनाच्या काळजीने येते आणि गोळ्यात ती पैसे वाचविण्यासाठी येते.

कर्करोगाची भीती पालकांनी वारंवार बोलून दाखविली, तेव्हा त्याविषयी स्पष्ट लिहितो. १९७० च्या दशकात उंदरांना भरपूर सॅकरीन खाऊ घातले असता त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. अमेरिकेत १९७७ मध्ये बंदीचा प्रस्ताव आला, मग पाकिटावर इशारा छापणे सुरू झाले. पुढे कळले की ते उंदरांच्या मूत्रातील विशिष्ट घडणीमुळे होते, माणसात तसे होत नाही. २००० साली तो इशारा काढला गेला. अ‍ॅस्पार्टेमला जुलै २०२३ मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले, आणि वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. परंतु त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीचीच ठेवली, म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. हे दुसरे वाक्य फार थोड्या ठिकाणी छापून आले. पहिली संस्था पाहते ती एवढेच, की एखाद्या गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याला पुरावा किती भक्कम आहे. किती खाल्ल्याने धोका, हे पाहणे दुसऱ्या समितीचे काम.

सहावी-सातवीच्या मुलांनी गणित करून पाहावे. २५ किलो वजनाच्या मुलाची मर्यादा २५ गुणिले ४०, म्हणजे १००० मिलिग्रॅम. डाएट पेयाच्या एका डब्यात साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असते. म्हणजे मर्यादा गाठावयास रोज तीन ते पाच डबे लागतील. कधीतरी लग्नात एक ग्लास प्यायलेल्या मुलाविषयी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र खरा आहे. फेनिलकीटोनयूरिया नावाचा जन्मजात विकार असलेल्या मुलांना अ‍ॅस्पार्टेम अजिबात चालत नाही, कारण त्यातून निघणारे फेनिलअ‍ॅलनिन त्यांच्या शरीरात साठून मेंदूला इजा करते. हा विकार विरळा आहे, पण पाकिटावर ती सूचना त्यासाठीच असते.

मग काही पालक म्हणतील, भीती नाही तर मुलांना शुगर फ्रीच देऊ, लठ्ठपणा तरी टळेल. इथे आमचे मत नाही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सर्व अभ्यास तपासून सांगितले, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी या पदार्थांचा वापर करू नये. दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसला नाही, उलट नेहमी वापरणाऱ्या मोठ्यांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळले. आधीच वजन वाढलेले लोकच असे पदार्थ अधिक घेतात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पक्के नाही, म्हणून संघटनेनेही ही शिफारस सशर्त म्हटली आहे. मुलांविषयी तर अभ्यासच थोडे आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये हेच नोंदविले, आणि पाकिटावर किती मिलिग्रॅम ते छापा अशी मागणी केली. आम्हाला शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट खटकते. ज्या मुलाची जीभ लहानपणापासून सहाशे पट गोडाला सरावते, त्याला सीताफळ काय गोड लागणार?

सभेत बहुतेक प्रश्न डाएट पेयांविषयी आले. खरे सांगावयाचे तर आपल्या शाळेतील किती मुले डाएट पेय पितात? फारच थोडी. आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर आणि बसस्थानकाच्या वाटेवर पडलेली रिकामी पाकिटे आठवीच्या मुलांकडून गोळा करविली आणि वर्गात मांडून वाचून घेतली. जे सापडले त्याने आम्ही चकित झालो. गोड सुपारीची पाकिटे! एक-दोन रुपयांची, रंगीत, वर कधी फळाचे चित्र, कधी कार्टून. आमच्या मुलांच्या पोटात सॅकरीन जाते ते इथून.

नियमच पाहा. थंड पेयात सॅकरीनची परवानगी दहा लाख भागांत १०० भाग आहे. सुपारीत ती ४००० भागांपर्यंत आहे, म्हणजे चाळीस पट. पाच ग्रॅम सुपारीत २० मिलिग्रॅमपर्यंत सॅकरीन असू शकते. तज्ज्ञ समितीने सॅकरीनची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे २५ किलोच्या मुलाला १२५ मिलिग्रॅम. दिवसात सहा पाकिटे खाणारे मूल त्या मर्यादेला जाऊन टेकते, आणि सहा पाकिटे खाणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

पण इथेही सॅकरीन हा लहान चोर आहे. मोठा चोर खुद्द सुपारी. २००४ मध्ये कर्करोगविषयक संस्थेने सुपारीला निश्चित कर्करोगकारक म्हणजे पहिल्या गटात घातले, तंबाखू नसलेली साधी सुपारीसुद्धा. सतत चघळल्याने गालाच्या आतील त्वचा कडक होत जाते, हळूहळू तोंड उघडेनासे होते, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अ‍ॅस्पार्टेमचा 'कदाचित' आणि सुपारीचा 'निश्चित' यांत जमीन-आसमानाचा फरक आहे, तरी काळजी सगळी पहिल्याची. सुपारीच्या पाकिटावर ती चघळणे आरोग्यास हानिकारक असल्याची ओळ असते, पण अक्षर इतके बारीक की आम्हाला चष्मा लावूनही दोनदा वाचावे लागले. पालकांना हात जोडून सांगतो : घरात जेवणानंतर सुपारीची डबी फिरते तेव्हा मुलांचे हात त्यात जाऊ देऊ नका. कार्यक्रमांत पाहुण्यांना सुपारी द्यावयाची आपली पद्धत जुनी आहे, ती आम्ही मोडा म्हणत नाही, पण मुलांच्या तळहातावर ती ठेवू नये.

बर्फाच्या गोळ्याविषयी थोडे. लखनौ येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बर्फाच्या कांड्या व किसलेल्या बर्फात सॅकरीन तपासले, आणि अनेक ठिकाणी ते मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपल्या गाडीवाल्याकडे काय आहे हे आम्ही तपासलेले नाही, आणि त्या गरीब माणसाची रोजी बुडवावी असेही आमच्या मनात नाही. आमची खरी चिंता पाण्याची आहे. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे त्यालाही ठाऊक नसते. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. त्याच्याशी बोलणे झाले आहे, तो गाडी वळणापलीकडे लावावयास तयार झाला.

पाकीट वाचण्याची एक सोपी युक्ती विद्यार्थ्यांनी पाठ करावी. लांब नावे विसरली तरी अंक लक्षात राहतात. ९५० म्हणजे एसिसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रॅलोज, ९६० स्टीव्हियाच्या पानांपासून काढलेला गोडवा. २०११ च्या नियमांत अशा पाकिटांवर 'मुलांसाठी शिफारस नाही' असे छापण्याचे बंधन घातले होते. पुढे नियमांचे शब्द बदलत गेले, पण आम्हाला ती ओळ आजही मार्गदर्शक वाटते. मुलांच्या खोकल्याच्या व तापाच्या औषधांतही हे पदार्थ असू शकतात. त्यामुळे औषध बंद करू नये. औषधातील थेंबाने काही होत नाही, औषध न दिल्याने होते.

साखरेला निर्दोष ठरविण्यासाठी आम्ही हे लिहितो असे कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावावयास सांगितले. त्या परिपत्रकात म्हटले आहे की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वयात १५ टक्के साखरेतून येतात, असावेत ५ टक्के. आपली शाळा त्या मंडळाची नाही, तरी चांगले ते घ्यावयास हरकत काय? आपल्या वऱ्हांड्यातही असा फलक लागेल. ३०० मिलिलिटर थंड पेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते, ती काचेच्या बाटलीत भरून त्याखाली ठेवू. आणि आजी-आजोबांची माफी मागून लिहितो, गूळ हीसुद्धा साखरच आहे. रंग बदलला म्हणून ती औषध होत नाही. उटनूरकडे आदिवासी भगिनी मोहफुलांचे लाडू करतात, आपल्याकडे तिळाचे, शेंगदाण्याचे होतात. त्यांत गोडाबरोबर तेल, प्रथिने, लोह येते म्हणून ते बरे, पण एक लाडू, पाच नव्हेत. तेलंगणातील सरकारी शाळांत २०२३ पासून मुलांना सकाळी नाचणीची पेज, ज्याला इकडे रागी जावा म्हणतात, देणे सुरू झाले. आपल्या घरची ज्वारीची आंबील आणि ताक तिच्या तोडीची आहेत, हे मुलांना सांगावयास आता सरकारचा दाखला हवा झाला, याचे थोडे वाईट वाटते.

शेवटचा विषय शिक्षकांसाठी आणि वर्गमित्रांसाठी. आपल्या शाळेत इन्सुलिन घेणारे एक मूल आहे. नाव लिहीत नाही, वर्ग शिक्षकांना ठाऊक आहे. अशा मुलांना डाएट पदार्थांचा उपयोग होतो, त्यामुळे त्यांच्या डब्याची थट्टा करू नये. परंतु इन्सुलिन घेतल्यानंतर कधी रक्तातील साखर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम येतो, मूल चिडते किंवा गुंगते. त्या वेळी शुगर फ्री गोळी किंवा डाएट पेय दिले तर काहीच होणार नाही, आणि वेळ निघून जाईल. तेव्हा खरी साखरच द्यावी लागते. तीन लहान चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना. मागे एकदा एका शिक्षकांनी घाईत खिशातील शुगर फ्री गोळी पुढे केली होती. मनाने चांगले, पण वस्तू चुकीची. सुदैवाने शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला फरक ठाऊक होता, तिने आपल्या डब्यातला गुळाचा खडा दिला.

विश्वस्त मंडळाने या कामासाठी लहानशी रक्कम मंजूर केली आहे, त्याबद्दल आभार. कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि खेळाच्या खोलीत ग्लुकोज पावडरीचा डबा व ओआरएसची पाकिटे ठेवली आहेत, डब्यावर लाल शाईने 'खरी साखर' असे मराठी, तेलुगू व हिंदीत लिहिले आहे. ज्या मुलीपासून हा विषय सुरू झाला तिच्या आजी मागच्या सोमवारी शाळेत येऊन तो डबा पाहून गेल्या. आमच्या घरीही असाच कागद लावून द्या म्हणाल्या, तेव्हा चित्रकलेच्या शिक्षकांनी तिथेच एक लिहून दिला.